रांजणातलं मीठ

परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला, रबरी फुगा दाबत पारा वर चढवला आणि हळूहळू सोडला. मग पुन्हा चढवला. नंतर खुर्ची ओढून दुसऱ्या बाजूला आले आणि दुसऱ्या दंडाला तेच केलं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. आत्तापर्यंत चांगला बोलत असलेला माणूस एकाएकी गप्प झाला होता.

"दोनशे दहा, एकशे वीस," ते म्हणाले. मला नाही, शेजारच्या सिस्टरला. सिस्टरनं माझ्याकडं बघितलं आणि लगेच नजर खाली घातली.

"बाई, इथपर्यंत आलात कशा?"

"एसटीनं. स्टँडपासून चालत."

"येताना काय खाल्लं, काय प्यालात?"

मी तोंड उघडायच्या आत माझी थोरली बहीण पंचफुला, म्हणजे आमची आक्का, पुढं सरली. सगळा रस्ता माझं डोकं मांडीवर घेऊन बसलेली ती. मोठ्या मानानं म्हणाली, "मीठ-साखरेचं पानी पाजत आनलंय साहेब. फाट्यावर एक तांब्या, गंगाखेडच्या स्टँडवर एक. लयच गरगरायलंय म्हनली, मग मीठ जरा जास्तीच घातलं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अहो बाई, आधीच जाळ भडकलाय. त्यात तुम्ही रॉकेल ओतत आणलंत."

आक्काचा चेहरा असा पडला की माझं दुखणं विसरून मला त्या डॉक्टरचाच राग आला. माझ्या आक्काला बोलणारा हा कोण? पण राग आला तसं डोकं आणखी ठणकलं आणि डोळ्यापुढं काळ्या माश्या उडायला लागल्या. त्यांनी मला तिथंच आडवं केलं.

सकाळी उठताना मानेमागं दुखतं, चालताना तोल जातो, आणि 'उन्हानं झालं असंल' म्हणून जी बाई तशीच कामाला लागते, तिच्यासाठी मी हे लिहायला बसलेय. मी काही डॉक्टर नाही. पालमच्या पुढं, एसटी फाट्यावर सोडते तिथून आत एका गावात बालवाडी चालवायची. तोंडानं फटकळ. ग्रामपंचायतीत एक बाईमाणूस हवं म्हणून मला घेतलेलं, तर मी आपली प्रत्येक बैठकीला जाऊन बसायची. सरपंचांना वाटलं होतं मी नुसता अंगठा... सही करीन. असो.

तर दुखणं. त्याचं नाव हायपरटेन्शन. म्हणजे रक्तदाब वाढणं. डॉक्टरांनी समजावलं ते असं, की रक्त नळ्यांमधून जातं, आणि त्या नळ्यांवर जोर फार पडायला लागला की एखादी नळी कुठंतरी फुटते. मेंदूत फुटली तर लकवा. हृदयावर ताण आला तर ते दमतं. मूत्रपिंड खराब होतं, डोळे जातात. आणि हे सगळं होईपर्यंत माणसाला पत्ता लागत नाही. "दुखत नाही हाच याचा दगा आहे," असं ते म्हणाले. मला तर दुखत होतं. म्हणजे फार पुढं गेलं होतं.

सुरुवात आधीच्या हिवाळ्यातच झाली होती. सकाळी मान जड. बालवाडीत फळ्यावर 'क' काढला की त्याच्याशेजारी दुसरा 'क' दिसायचा. मग एक दिवस लेकरांना गाणं शिकवता शिकवता नाकातून रक्ताची धार लागली. लेकरं रडायला लागली. वस्तीतल्या बाया म्हणाल्या, धसका घेतलाय हिनं. धसका घ्यायला कारणही होतं. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या वर्षी आमच्या वस्तीतली घरं जळाली होती, आम्ही लेकरं पोटाशी धरून ज्वारीच्या रानात बसलो होतो. त्याला आता बरीच वर्षं झाली होती, पण नामांतराचा प्रश्न तसाच होता आणि आमच्या बायांच्या मते माझ्या छातीतला धसकाही तसाच होता. मलाही ते पटत होतं. धसक्यावर गोळी नसते, म्हणून मी दवाखान्यात गेलेच नाही.

दवाखान्यात मला ठेवून घेतलं. लघवी तपासली, रक्त घेतलं, छातीला तारा लावून हृदयाचा आलेख काढला. त्याला ईसीजी म्हणतात, त्यात काही दुखत नाही, उगं घाबरू नका. मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडं पाठवलं. तिथं बाकावर बसून बसून पाठ आखडली. डोळ्यात औषध घालून त्यांनी आतल्या पडद्यावरच्या बारीक नळ्या पाहिल्या आणि चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं. "काय दिसलं?" मी विचारलं. "वेळेत आलात," एवढंच म्हणाले. वेळेत म्हणजे कशाच्या वेळेत, ते विचारायचं धाडस झालं नाही.

माझ्या शेजारच्या खाटेवर पाथरीकडची एक बाई होती. माझ्याच वयाची. तोंड एका बाजूला ओढलेलं, डावा हात निर्जीव. तिची सासू तिला चमच्यानं पेज भरवायची, अर्धी पेज हनुवटीवरून खाली. ती बाई दिवसभर माझ्याकडं बघत असायची. मी कूस बदलून भिंतीकडं तोंड करायची, तरी पाठीवर तिची नजर जाणवायची. तिलाही आधी नुसतं गरगरायचं, असं तिची सासू सांगत होती.

गोळ्या सुरू झाल्या. एक लघवी जास्त होण्याची, एक नळ्या सैल पाडणारी. पारा उतरायला लागला. निघताना डॉक्टर म्हणाले, "गोळी निम्मं काम करील. उरलेलं मिठाचं. लोणचं, पापड, ठेचा, खारातल्या मिरच्या बंद. भाजीत चिमूटभर. आणि गोळी बरं वाटलं म्हणून सोडायची नाही. बरं वाटतंय ते गोळीमुळंच." मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाला होतं का हे?"

"न्हाई," असं म्हणून मी थांबले. आमची माय जात्यावर बसल्या बसल्या गेली होती. दुपारी डोकं गरगरायलंय म्हणाली, आक्कानं मीठ-लिंबू करून दिलं, आणि माय दळायला बसली ती उठलीच नाही. लोक म्हणाले, नशीबवान, कुणाला त्रास दिला नाही. मी डॉक्टरांना ते सांगितलं. ते आक्काकडं वळले. "मग बाई, तुम्हीही दंड द्या."

आक्कानं पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढला. "मला काय धाड भरलीय? मी कामावर पानी पाजते सगळ्या गावाला. माझं हे बघत बसले तर तितं कोन बघल?"

आणि ती वऱ्हांड्यात जाऊन उभी राहिली. तिच्या कपाळावर मात्र बारीक घाम होता. डोकं दुखलं की आक्का कपाळाला ओला फडका बांधायची, ते तर मी लहानपणापासून बघत आलेले.

आता आक्काचं आणि त्या रांजणाचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

आम्ही दोघी बहिणी एकाच घरात दिल्या. ती थोरली जाऊ, मी धाकटी. तिचे मालक लवकर गेले, मूलबाळ नाही. माझे मालक नोकरीला बाहेरगावी, महिन्याकाठी येणार. माझी लेकरं तिच्याच अंगाखांद्यावर मोठी झाली. तेव्हा दुष्काळ पडलेला, गावाबाहेर पाझर तलावाचं रोजगार हमीचं काम चाललेलं. सगळं गाव तिथं माती उपसायला, ज्यांच्याकडं जमीन होती तेही. आधी कामावर दोन रांजण असायचे. एक त्यांचा, एक आमचा. आमच्याला कधी झाकण असायचं, कधी नसायचं. एका उन्हाळ्यात आक्का आमच्या वस्तीतल्या बाया घेऊन बांधावर बसली. एकच रांजण ठेवा, नाहीतर पाटी उचलत नाही. बसली ती बसली, ऊन डोक्यावर आलं तरी हलेना. काम अडलं, वरून साहेब आले, आणि एक रांजण राहिला. पाणी पाजायचं काम आक्काकडं आलं.

पण एक रांजण ठेवणं वेगळं आणि त्यातलं पाणी पिणं वेगळं. पहिले काही दिवस अर्धं गाव तहानलेलं घरी गेलं. मग आक्कानं एक रीत पाडली. रोज सकाळी रांजण भरला की सगळ्यांदेखत पहिला तांब्या ती स्वतः प्यायची. बघा, पानीच हाय, म्हणायची. तिच्यामागं एक दिवस रखमाबाई आली. ती वरच्या आळीतली, चांगल्या घरची, दुष्काळानं कामावर आलेली. तिनं डोळे मिटून तांब्या तोंडाला लावला, आणि मग बाकीच्या आल्या.

मीठ पुढच्या उन्हाळ्यात आलं. गावात हगवण लागली, तेव्हा आरोग्य खात्याच्या माणसांनी शिकवलं होतं की जुलाब झालेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी पाजा. त्यानं लेकरं वाचली, खोटं नाही. पण गावानं त्याचा अर्थ असा घेतला की हे पाणी म्हणजे सगळ्याचंच औषध. चक्कर आली, मीठ-साखर. ऊन लागलं, मीठ-साखर. हातपाय गळाले, मीठ-साखर. सरपंचांनी हौसेनं ग्रामपंचायतीकडून साखर आणि मिठाचं पोतं कामावर दिलं. साखर आठवड्यात संपली. मीठ राहिलं. तेव्हापासून रांजणात मुठीनं मीठ पडायला लागलं, आणि त्या मिठाचा पहिला तांब्या रोज आक्काच्या पोटात जायला लागला.

दवाखान्यातून आल्यावर मी घरातलं मीठ मोजायला... मोजायला कशाला, नुसतं बघायला लागले आणि डोळे पांढरे झाले. आमच्याकडं भाकरीला कोरड्यास नसलं की मीठच कोरड्यास. मीठ-मिरची कुटली की भाकरी घशाखाली उतरते. गरिबाचं कालवणच ते. त्याला डॉक्टर म्हणतात सोडा. बरं, सोडते. पण मग भाकरी कशाबरोबर खायची, ते कोण सांगणार?

हाच प्रश्न त्या महिन्यात पंचायतीपुढं आला. तालुक्याहून विचारणा झाली, की कामावरच्या माणसांना आणि बालवाडीच्या लेकरांना दुपारी भाकरीसोबत काहीतरी द्यायचंय, काय द्यायचं ते गावानं ठरवावं. सरपंचांनी ठरवूनच ठेवलं होतं. लोणचं आणि खारे शेंगदाणे. नासत नाही, शिजवायला लागत नाही, वाटायला सोपं. माणूस वाईट नव्हता तो. सोपं ते करावं, एवढंच त्याचं धोरण.

बैठकीच्या आधी मी उपकेंद्राच्या सिस्टरना गाठलं. त्या कोकणातल्या, नुकत्याच बदलून आलेल्या, अजून आमच्या बोलीला हसायच्या. त्यांना म्हटलं, तुमचं ते पट्ट्याचं यंत्र घेऊन एकदा कामावर या. आल्या बिचाऱ्या. बाभळीखाली रांग लागली. लोकांना गंमत वाटत होती, एकमेकांची थट्टा चालली होती. "सिस्टर, याचं बघा, हा बायकोवर लय दाब टाकतो," वगैरे. रांग जशी पुढं सरकत गेली तशा सिस्टर एकेकाचा दाब दोन-दोनदा बघायला लागल्या. मध्येच त्यांनी यंत्र उचलून हलवून बघितलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"मला वाटलं बिघडलंय हो हे. इतक्या जणांचा चढलेला? यातल्या काही जणींची तर तिशी उलटली नाही."

आक्का रांगेत आलीच नाही. बोलावलं की म्हणायची, "सगळ्यांना पाजून होऊ दे, मग बघू." आणि रांजणाआड जाऊन उभी राहायची. मी जाऊन दंडाला धरलं तर झटका देऊन सोडवून घेतलं. सगळ्यांदेखत.

घरी आमचं कडाक्याचं वाजलं. म्हटलं, "आक्का, तुझ्या पाया पडते. त्यात मीठ घालू नको."

"सरपंचानं पोतं दिलंय. लोकांला चव लागलीय. न्हाई घातलं तर काय म्हनतील? म्हनतील, मीठ घरी नेलं हिनं. आपल्या लोकांनी काय नेलं अन् काय न्हाई, ते बघायला सगळे टपून बसलेत."

"मग तू तरी पिऊ नको."

"मी न्हाई प्याले तर दुसरं कोन पिईल? रखमाबाई पिईल? चंद्रे, तुला बालवाडीत कळतं ते कळतं. हितलं तुला कळत न्हाई."

मला कळत होतं. तेच तर. मीठ मी थांबवू शकत नव्हते, आक्का थांबवू शकत नव्हती. पंचायतीनं दिलेलं मीठ पंचायतच काढू शकत होती. आणि तोवर रोज सकाळी आक्का तो तांब्या वर करून घटाघटा पिणार, हे मला बालवाडीत बसल्या जागी दिसत राहायचं.

मधल्या तपासणीला परभणीला गेले तेव्हा डॉक्टरांना सगळं सांगून विचारलं, "मीठ काढलं अन् उन्हात कुणी पडलं तर? साहेब, खरं सांगा. माझ्यावर येईल."

त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "उन्हात घाम गाळणाऱ्याला पाणी भरपूर पाहिजे, सावलीला बसायला पाहिजे. मीठ तुमच्या लोकांच्या ठेच्यात आणि लोणच्यात पाहिजे त्याहून जास्त आहे. पाण्यात वेगळं घालायचं कारण नाही. जुलाब लागलेल्या लेकराला मात्र मीठ-साखर द्यायचीच. ते बंद केलंत तर मी तुम्हाला माफ करणार नाही." हे तुम्हीही ध्यानात ठेवा. औषध एकच असतं, पण कुणाला द्यायचं ते बघावं लागतं.

बैठक झाली. मी म्हटलं, रांजणात साधं पाणी. लोणचं नको. त्याऐवजी मटकीची उसळ, कमी मिठाची. कच्चा कांदा, साधे भाजलेले शेंगदाणे, मिळेल तेव्हा बिनमिठाचं ताक. लेकरांनाही तेच, म्हणजे त्यांची जीभ आत्तापासून खारटाला सोकावणार नाही. लगेच गलका झाला. अळणी खायला आमी काय दवाखान्यात पडलोय का? एक जण म्हणाला, बाई आजारी पडली तर सगळ्या गावाला पथ्य लावायलीय.

सिस्टरना बैठकीला बोलावलं होतं. त्यांनी आपल्या परीनं तोडगा काढला. "भांडता कशाला? दोन रांजण ठेवा. एकात साधं पाणी, एकात मिठाचं. ज्याला जे हवं ते पिईल."

"बेस!" सरपंच म्हणाले. "याला म्हनतात डोकं. दोन रांजण. मिटलं."

फार लवकर म्हणाले. आणि एकाएकी सगळी बैठक खूश झाली, मघाशी भांडणारे सुद्धा. कुणीतरी मागून म्हणालं, पहिले व्हतंच की तसं. मी उठून उभी राहिले.

सिस्टर माझ्याकडं बघायला लागल्या, आपण काय चुकीचं बोललो म्हणून. मी म्हटलं, "सिस्टर, तुमचं चुकलं नाही. पण आमच्या गावात दोन रांजण झाले की एक त्यांचा होतो आणि एक आमचा. मिठाचा कुणाचा नि साधा कुणाचा, ते आठ दिवसांत ठरंल."

"तुमी भलतीकडंच नेता बाई," सरपंच म्हणाले. "अन् एकच ठेवायचा तर मग मिठाचाच राहू द्या. साध्या पान्यानं कुनी पडलं तर लिहून देता का तुमी?"

मी लिहून देते म्हणाले. त्यांनी विषय पुढच्या बैठकीवर टाकला.

आक्काला मी हे घरी सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता थांबली. "दोन रांजन?" एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "मरंन पन दोन होऊ देनार न्हाई." तिचा आवाज मोठा नव्हता. मला तिथंच रडू फुटलं, आणि तिला वाटलं मी गोळी घ्यायची विसरले.

पुढची बैठक व्हायच्या आधीच ते झालं. मी बालवाडीत होते. रखमाबाईची सून धावत आली, तिला धापेनं बोलता येईना. नुसती तलावाकडं हात करत होती. मी लेकरं तशीच सोडून पळाले.

रांजणाशेजारी रखमाबाई मातीत बसली होती आणि तिच्या मांडीवर आक्काचं डोकं होतं. आक्काचं तोंड उजवीकडं लोंबलेलं, उजवा हात मातीत पालथा पडलेला. पहिला तांब्या पिऊन दुसरा भरताना हातातून सुटला, म्हणे. रखमाबाई रडत होती आणि ओंजळीनं आक्काच्या तोंडात पाणी घालत होती. "पी गं माय, पी. मिठाचं हाय. आत्ता बरं वाटंल, पी." जी बाई एके काळी डोळे मिटून आमच्या रांजणातलं पाणी प्यायली होती, ती आता आपल्या हातानं आक्काला पाजत होती. माझ्या डोळ्यांदेखत. मी तिचा हात धरला तर तिला कळेचना मी का धरतेय.

जीपनं पालम, तिथून परभणी. रखमाबाई पण बसली, कुणाला विचारलं नाही. वाटेत आक्काला ठसका लागला तेव्हा वाटलं, गेली. तेच डॉक्टर होते. त्यांनी स्ट्रोक म्हणून सांगितलं. म्हणजे पक्षाघात, आपण लकवा म्हणतो तो. मेंदूतली नळी. दंडाला पट्टा गुंडाळून पारा बघितला आणि आकडा मला सांगितलाच नाही. मग विचारलं, "शुद्ध नसताना तोंडात पाणी कुणी घातलं? छातीत गेलंय."

रखमाबाई माझ्या मागं उभी होती. तिचा हात माझ्या पदराला लागला. मी म्हटलं, "गर्दी होती साहेब. कळलं न्हाई कुणी ते."

एवढं सगळ्यांना सांगते. असं कुणी पडलं तर तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही. एका कुशीवर वळवायचं आणि वाहन बघायचं. मीठ नाही, कांदा नाही, चप्पल हुंगवणं नाही.

मग सुरू झालं ते थांबणं. नाकातून नळी, लघवीची नळी, छातीत घरघर. आक्काचा डावा डोळा उघडा असायचा आणि तो छताकडं बघायचा. मी माझी गोळी तिच्याच खाटेवर बसून गिळायची. वऱ्हांड्यात माणसं भाकरी सोडून बसलेली, प्रत्येकाच्या फडक्यात लोणचं. मला ओरडावंसं वाटायचं. डॉक्टर रोज येऊन तळपायाला टोचून बघायचे आणि "बघू" म्हणायचे. मला मायचं जातं आठवायचं आणि मी हिशोब करायची, माय, आता आक्का, मग मी. आणि माझी लेक, तिची पण मान दुखते कधीकधी.

बैठकीच्या दिवशी रखमाबाईला खाटेपाशी बसवते म्हटलं तर ती ऐकेना. तीच माझ्याबरोबर आली, आक्कापाशी माझे मालक बसले. पंचायतीच्या दारात बाईमाणूस सहसा उभं राहत नसे. रखमाबाई चौकटीत उभी राहिली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सरपंचांना म्हणाली, "भाऊजी, रांजन एकच. बिनमिठाचा. दुसरा आनला तर मी फोडीन, मग माझ्यावर केस करा."

ठराव झाला. उसळ, कांदा, शेंगदाणे, ताक तेही झालं. मिठाचं पोतं सिस्टरच्या खोलीत गेलं, जुलाब लागलेल्यांसाठी. ज्यांचा पारा चढलेला त्यांना महिन्याला कामावरच मोजायचं ठरलं. मला आनंद व्हायला पाहिजे होता. मी फाट्यावर एसटीची वाट बघत नुसती उभी होते, आणि परत जाईपर्यंत आक्का असेल की नसेल एवढंच डोक्यात होतं.

ठरावानं सगळं बदललं असं सांगून तुम्हाला फसवणार नाही. लोक पदराच्या गाठीला मीठ बांधून आणायचे आणि पाण्यात कालवायचे. उन्हात कुणी पडलं नाही, पण कामावरचा मुकादम, ज्यानं दंड द्यायला कायम नाही म्हटलं, तो त्याच उन्हाळ्यात गेला. त्याची बायको म्हणाली, सकाळपासून मान दुखायलीय म्हणत होता. तुमच्या घरात कुणी असं म्हणत असेल तर हे वाचायचं थांबवा आणि त्याला घेऊन जा. नको म्हणेल, ओढून न्या. मी आक्काला ओढून नेलं नाही.

आक्काला घरी आणलं तेव्हा उजवी बाजू गेलेली होती आणि वाचा बंद. डॉक्टर म्हणाले, बोलणं येईल की नाही सांगता येत नाही, तुम्ही बोलत राहा. मी बोलत राहिले. बालवाडीतली गाणी म्हटली, गावातल्या चुगल्या सांगितल्या, तिला चिडवलं सुद्धा. रखमाबाई दुपारी यायची, तिचा हात तेलानं चोळायची आणि तीही बोलायची. आक्का छताकडं बघायची. असे आठवडे गेले. पावसाळा आला, काम बंद झालं, रांजण पंचायतीच्या पडवीत जाऊन पडला. मला आतून वाटायला लागलं होतं की आक्का आत नाहीच, मी नुसत्या शरीराला भरवतेय.

त्या दिवशी मी पालकाची पातळ भाजी केली होती. चिमूटभर मिठाची. भाकरी कुस्करून चमच्यानं तिच्या डाव्या गालात घातली. तिनं हळूहळू चावलं. गिळलं. मग तिचं तोंड वाकडं झालं, आधीच वाकडं ते आणखी वाकडं, आणि मी घाबरले की पुन्हा झटका आला.

"अ..." ती म्हणाली. मी चमचा तसाच धरून राहिले. "अळ... अळनी हाय."

रखमाबाई दारात होती, ती मटकन खालीच बसली. मी हसत होते की रडत होते, देव जाणे. चमचा पुन्हा भरला.

"व्हय गं आक्का," मी म्हटलं, "अळनीच हाय. खा."